वळणावरचा दगड

सोपान : तिला नका इचारू मॅडम, म्या सांगतो. लेक गेल्यापास्नं हिच्या छातीत दुखतंय. भोरला एका डाक्टरनं छातीची पट्टी काढली, ती चांगली आली. म्हनले, भीतीचा आजार हाय. गोळ्या दिल्या. गुन न्हाई, म्हून आज गुंजवण्यावरनं वेल्ह्याला तुमच्याकडं आनली.

डॉ. माधुरी : छाती कोणाची दुखते, सोपानराव?

सोपान : हिची.

डॉ. माधुरी : मग उत्तरही त्यांनाच देऊ द्या. सरूबाई, दुखतं तेव्हा तुम्ही काय करत असता?

सरूबाई : गवताचा भारा घिऊन चढ चढत असते. दुखतं म्हंजी, छातीवर कुनी जातं ठेवल्यावानी हुतं. जबडा आवळून येतो. घाम फुटतो.

सोपान : जबड्याचं मला कवा बोलली न्हाईस.

सरूबाई : तुमी दातवाल्याकडं न्हेलं असतं.

डॉ. माधुरी : आणि थांबतं कसं?

सरूबाई : वळनावर एक दगड हाय. आमची वैष्णवी मला तिथं पानी घिऊन यायची. गेल्या साली भाताच्या खाचरात जनावर डसलं तिला. म्या त्या दगडावर बसते. जरा येळानं कळ उतरती. तीच उतरवती.

डॉ. माधुरी : हे भोरला सांगितलंत?

सरूबाई : ह्यांनी सांगितलं, लेक गेली म्हून. त्याच्या म्होरलं कुनी इचारलं न्हाई.

डॉ. माधुरी : ईसीजी काढताना दुखत होतं?

सरूबाई : न्हाई. निजवलं हुतं मला. लई दिसांनी दिवसाची पाठ टेकली.

डॉ. माधुरी : मग तो चांगलाच येणार. चूल विझल्यावर धूर शोधला त्यांनी. साखर आहे का तुम्हाला?

सरूबाई : हाय. गोळी चालू हाय.

डॉ. माधुरी : त्या वळणाखेरीज दुसरीकडे कुठे दुखलं?

सरूबाई : न्हाई.

सोपान : न्हाई कसं? परवा गिरणीच्या चढावर दळन खाली ठिवून बसलीस. काल तर हिरीवरनं रिकाम्या हातानं येताना.

डॉ. माधुरी : आणि थांबलं?

सोपान : बसल्यावर थांबलं.

सरूबाई : तुमाला कुनी इचारलं?

(सरूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते.)

डॉ. माधुरी : सरूबाई, तुम्ही कुठेही बसलात तरी कळ थांबते. चालताना हृदयाला रक्त जास्त लागतं. ते पुरेसं पोचत नसावं, असा माझा संशय आहे. तपासणीशिवाय खात्री देता येणार नाही. पण आता थोड्या चालण्यानेही दुखू लागलं आहे, म्हणून आजच पुण्याला जायचं. मी रुग्णवाहिका बोलावते.

सरूबाई : मंग माझं दुख्ख, भीती, समदं खोटं?

डॉ. माधुरी : ते खरंच आहे. पण दुःखी बाईला हृदयविकार होत नाही, असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. दोन्ही असू शकतं.

सरूबाई : मला न्हाई जायाचं.

सोपान : आता काय झालं?

सरूबाई : ती माझ्या छातीवरनं हात फिरवती, असं धरून चालले हुते म्या. ह्या म्हनत्यात, बसल्यामुळं थांबतं. मंग त्या दगडापाशी माझं कोन ऱ्हायलं?

डॉ. माधुरी : कळ कशाने थांबते, एवढंच मी सांगितलं. पाणी कोण आणायचं, ते तुम्ही सांगितलंत. त्यात मी काही बदललेलं नाही.

सरूबाई : आन् बरी झाले तर? भरल्या कामात बाई दगडावर बसली की लोक कारन इचारत्यात. दुखत हुतं म्हून आजवर कुनी बोललं न्हाई.

सोपान : भारा म्या न्हेतो. तू बस.

सरूबाई : अन् किती येळ?

सोपान : बस म्हनलं ना. आता गाडीत चल.

सरूबाई : तुमी बी बसा कवातरी. ती गेल्यापास्नं त्या वाटंला आला न्हाईत.