जाडा बार अन् आईचा रस्सा

हसा, लेको! पण गाडीखाली जाडा बार काऊन बसवला, थे तर ऐका.

ताईचं सासर आष्टीले. तिकडे निघालो की आई पाटोडीचा रस्सा करे अन् रश्शानं भरलेला गरम गंज मांडीवर घेऊन मागं बसे. वळण आलं की गाडी कलंडे, गाडीसंगं आई कलंडे, अन् आईसंगं गंज. पोचेपर्यंत अर्धा रस्सा चटईवर. मंग आई माह्यावरच भडके, "आता जावयाच्या वाटीत काय वाढू? तुही गाडी?"

शेवटी पिपरीच्या मेकॅनिककडून दोन्हीकडच्या चाकांना जोडणारा, वळणावर गाडी कलंडू न देणारा स्वे बार बदलून घेतला. जुन्यापेक्षा चांगला जाडा टाकला. परवा आष्टीले गेलतो, तर काय सांगू! वळणावर गाडी सपाट, आई ताठ, गंज ताठ. थेंब सांडला नाई. आई म्हणे, "आता झाली गाडी गाडीसारखी!"

ताईच्या घरी आई स्वतः वाढाले उभी राह्यली. "घ्या जावईबापू, आज भरपूर हाय. इतके वर्षं अर्ध्या वाटीवरच उठले बिचारे." आईच्या हातचं तिखट तुम्हाले माहीत हाय. भाऊजींच्या डोळ्यांतून धारा, पण सासू वाढत असताना वाटीवर हात कसा ठेवतील? वाटी रिकामी झाली की आई भरून राह्यली.

निघताना मी ऐटीत विचारलं, "कशी वाटली गाडी, भाऊजी?"

भाऊजींनी नाक पुसलं, वाकून गाडीखाली पाह्यलं अन् हळूच म्हणाले, "झकास हाय. पण थो जुना बार भंगारात त नाई ना टाकला?"