हिरूचा दगड आणि माझा ब्रेक

पुन्हा तीच गोष्ट सांगू म्हणता? तुमचं काय जातंय, घसा माझा बसतो. त्या ब्रेकचं नाव निघालं की डोक्यात तिडीक जाते. बरं, ऐका. पण मधी कुणी हसलं, तर उठून जाईन.

उत्तमराव पोकळ्याची जुनी जीप. डोंगरात, चिखलात घालायची गाडी. हँडब्रेकच्या डब्यात नुसता गाळ, उतारावर उभी राहीना. आली माझ्याकडं. गिअरबॉक्सातनं मागच्या चाकांकडं दांडा जातो ना, त्या दांड्यावरच मी डिस्क बसवली. भंगारातली डिस्क लेथवर घासली. जाड पाटी कापली, तिच्यावर डिस्क आवळणारा कॅलिपर बसवला. पाटी दोनदा वाकडी झाली, दोनदा तोडून टाकली. मग गाडी चढावर लावली अन् तिघांनी ढकलली. हलली नाही!

तवाच उत्तमरावाला बजावलं, "हा ब्रेक दांडा धरतो, चाक नाही. मागचं एक चाक जॅकवर उचललं, तर ते हवेत उलटं फिरंल अन् जमिनीवरचं गाडी घेऊन निघंल. आधी फोर-व्हील टाकायचा, म्हंजी पुढची चाकंबी दांड्याला जोडली जातात, मग जॅक."

"हो हो मिस्त्री, आम्हाला काय शिकवता!"

ड्रायव्हरला सांगितलं का? किसन गवारीला? नाव नको!

रात्री दहाला त्या किसनला धाडलं पाव्हणं आणायला. एकटा. अन् कुठल्या वाटंनं? जवळची म्हणून करवंदखिंडीच्या.

त्या खिंडीत हिरू मैलकुली मेलेला. सडकेवरचा कामकरी. चढाला अडलेल्या ट्रकच्या चाकाला दगड लावत होता बिचारा, अन् ड्रायव्हरनं ब्रेक सोडला. हिरूचे हात चाकाखालीच होते.

किसन चढाच्या तिसऱ्या वळणावर पोचला अन् इंजिन बंद पडलं. आपसूक! त्यानं हँडब्रेक ओढला. गाडी थांबली. तोच पुढनं कुणीतरी गाडीला खांदा लावल्यागत झालं, दिसलं कुणी नाही. गाडी डुलली. पण ब्रेकनं धरली! ऐकताय ना? धरली.

मग हँडब्रेकच्या दांडीवरचं बटण आपलं आपण दबलं. टक्! दांडी खाली यायला लागली. किसनच्या अंगावर काटा. दोन्ही हातांनी ओढून धरली. शिव्या घातल्या, देवाचं नाव घेतलं. बटण वर आलं.

मग मागच्या चाकातनं फुस्स! सगळी हवा गेली.

किसन कंदील घेऊन उतरला, तर कठड्याशी एक म्हातारा उभा. डोक्याला फडकं, हातात हा एवढा दगड.

"पंक्चर का, पाव्हणं?"

"व्हय बाबा. एवढा दगड लावता का चाकाला?"

"माझं कामच हाय ते. तू जॅक लाव."

लावला त्यानं. फोर-व्हील न टाकता! त्याला ठावं कुठं? दोन-चारदा जॅकचा दांडा मारला, गाडी उचलली. आणखी एकदा मारला. चाक जमिनीवरनं सुटलं.

अन् ते उलटं फिरायला लागलं. हळूच. गाडी मागं निघाली.

"बाबा, दगड!"

म्हातारा उभाच. दगड छातीशी धरलेला. अन् दगडाखाली... मनगटं. पुढं हात नव्हतेच!

"आता सोडला," म्हणाला. "आता सोडला."

जॅक उडाला. किसनचा सदरा मडगार्डात अडकला, फरफटला दोन हात. सदरा फाटला म्हणून वाचला, नाहीतर गेला असता जीपसोबत दरीत. उघडा पळत गावात आला. आठ दिवस ताप. अन् तापात एकच, "आता सोडला."

आता ऐका, का कडू झालोय मी. उत्तमराव पारावर बसून सगळ्यांना सांगत सुटला, "मिस्त्रीचा ब्रेक सुटला. माणूस मारला असता त्यानं." तेवीस वर्षं माझ्या भट्टीवर कुणी ब्रेक घेऊन येत नाही.

तवा चौथ्या दिवशी दोरानं जीप दरीतनं वर काढली, माझ्या भट्टीवर आणली. मी खाली शिरलो, सगळ्यांसमोर. पाटी जागेवर. कॅलिपरनं डिस्क अशी आवळलेली की पान्यानं सोडवावी लागली. सगळ्यांनी बघितलं. उत्तमरावानंबी बघितलं. फाटकापर्यंत गेला, थुंकला अन् निघून गेला.

करवंदखिंडीनं रात्री जाऊ नका. गेलात, तर कुणी दगड लावतो म्हणालं तरी उतरू नका. हिरूला मी दोष देत नाही. त्याची तरी कुणी माफी कुठं मागितली?

माझी राहिलीय. मागायची कुणी ते लक्षात ठेवा. उत्तमराव पोकळ्यानं.