सातव्या खंडातला अंगठा

शपथेवर सांगतो, ह्यातलं अक्षर न् अक्षर घडल्यालं हाय... म्हंजे, एक गोष्ट न्हाय घडल्याली, पर ती कुठली ते शेवटाला सांगतो, आधी माझं दुखणं तर ऐका! पुस्तकावर निळं बॉलपेन चालवलं पिराजीमामांनी, आन् बोलणी कुणी खाल्ली? मी!

तुम्हाला सांगतो, सत्त्याण्णव साली आमच्या गावच्या मंगळवार पेठेत रद्दीच्या दुकानात मला फ्रेंचांचा सचित्र ज्ञानकोश घावला. अडीचशे वर्षांचा! आठ खंडांचा संच, एकेक खंड सिमेंटच्या पोत्यागत, आन् चित्रं कसली म्हणता... लोहार, सुतार, पाववाला, समदे आपापल्या हत्यारांसकट कामात गुंग! फ्रेंच मला येतं व्हय? न्हाय की! पर घण मारणारा लोहार बघायला फ्रेंच कशाला लागतंय? घरी आणून मोजतोय तर सातच! सातवा खंड गायब! मालकीण म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की, एवढ्यानंच दिवाण वाकलाय." छ्या! सातवा पाहिजे म्हंजे पाहिजे!

तीन वर्षं हिंडलो. नृसिंहवाडीला नारळ बोललो. शेवटी रद्दीवाल्यालाच आठवलं, एक खंड चपला करणारे पिराजीमामा घेऊन गेलते. गेलो पळत. सत्तरीचे मामा पोत्यावर बसल्याले, आन् म्होरं सातवा खंड उघडा! चित्रात एक फ्रेंच कारागीर जोडा शिवतोय.

"मामा, द्या की मला."

"थांबा पावणं. ह्या गड्याकडं बघा. आरीच्या टोकाम्होरं अंगठा! ह्यो काय उद्या कामावर येत न्हाय."

"अवो मामा, चित्र हाय ते!"

"मग? काढणाऱ्यानं लांब खिडकीतनं बघून काढलंय. आन् तुमाला तरी चूक दिसली का?"

न्हाय दिसली.

"मग नेऊन करणार काय? एक जोड नीट शिवून दावा, आन् खुशाल न्या."

मी! बँकेतला कारकून! पर सातवा पाहिजे म्हंजे पाहिजे! पहिल्या रविवारी चित्रातल्या गड्यागत ऐटीत बसलो, आन् आरी थेट अंगठ्यात! ही बघा खूण! मामा हळद दाबत म्हणाले, "त्या फ्रेंचाकडनं शिकून आलासा व्हय?" दुसऱ्या रविवारी परत हजर. तिसऱ्या रविवारी बी. मालकीण म्हणायची, "बँकेनं काढलं का काय तुम्हाला?" आठ महिन्यांनी एक जोड झाला. मामांनी पायात घातला, कोपऱ्यापतोर जाऊन आले... "कर्रकर्र बोलतीया की चप्पल! म्हंजे जमली. न्या पुस्तक."

संच पुरा! मग पुण्याहून जुन्या ग्रंथांचे एक जाणकार बघायला आले. सहा खंड बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी. सातवा उघडला, आन् असे किंचाळले, जणू त्यांच्याच अंगठ्यात आरी! "अहो, हे काय केलंत? अडीचशे वर्षं जपलेल्या चित्रावर बॉलपेन? अंगठाच हलवलाय! संच बाद! बाद झाला हो!" मी म्हणालो, पिराजीमामांनी केलं.

तर... खोटं ते एवढंच. मामांनी खंड दिला तवा पानावर साधा बोटाचा डाग न्हवता. पेन माझं, हात माझा. काय करू? रोज संध्याकाळी चित्र उघडावं, तर ह्यो गडी आपला आरीखाली अंगठा धरून बसल्याला, आन् ठणका माझ्या अंगठ्यात! किती दिस सोसायचं? एक दिस सरकवला त्येचा अंगठा बाजूला. संच बाद झाला तर झाला... गडी तरी उद्या कामावर येईल!