जादा किल्ली

किल्लीवाल्याच्या दुकानापुढे माझ्या आधी दोघे उभे होते: चर्चचे पाळक आणि तिथला तरुणांचा गट चालवणारी एक परिचारिका.

“शिबिराला तीस मुलं होती, ताई. परवाच्या शुक्रवारी गटाला आली चार. आता गट बंदच करू या.”

“त्या चौघांना मी कारण विचारलं, पाळकसाहेब. मुलं म्हणाली, शिबिरात भांडी आम्ही घासायचो, प्रार्थना आम्ही चालवायचो. इथे सगळं ताईच करते, आम्ही नुसते पाहुणे.”

“मग?”

“मग या शुक्रवारपासून सभागृहाची किल्ली तुमच्या धाकट्या लेकीकडे.”

“ती शिबिरानंतर एकदाही फिरकलेली नाही. घरात बोलून बोलून मी थकलो.”

“म्हणूनच तिच्याकडे. काल विचारलं, तर ‘बघते’ म्हणाली.”

“तिचं ‘बघते’ मी रोज ऐकतो. म्हणून तर तुम्हाला इथे आणलं. एक जादा करून ठेवा. नाहीच आली तर?”

“तर आम्ही पाच जण पायरीवर बसू. पुढच्या शुक्रवारीही बसू.”

“ताई, द्या किल्ली,” किल्लीवाला म्हणाला, “एकच करायची ना?”

“नको, दादा. जादा किल्ली पर्समध्ये असली, तर मीच उघडेन. घ्या, पाळकसाहेब, ही धाकटीच्या हातात द्या. आणि बोलू मात्र काही नका.”