रामनगर कापलं नाहीस

—नाही नाही, बरोबर पकडलंत तुम्ही, भोसले घाटावरच्या हवेलीला मी ह्या कागदात कापल्यात एवढ्या मोठ्या खिडक्या नाहीतच. चष्म्याचं दुकान तुमचं, नजर बारीक असणारच. बसा हो जावईबापू, किती अवघडून बसलात, खुर्ची काही मोडत नाही. मराठी समजतं ना? देवश्री म्हणाली, समजतं सगळं, बोलायला लाजतात. बरंय. चार वर्षं उशिरा का होईना तुमचा दिवाळसण होतोय, आणि मला ऐकणारा माणूस मिळाला. ती दोघं बापलेक घाटावरून एवढ्यात येत नाहीत. मुद्दाम गेलेत हे. सकाळपासून मला विचारत होते, जावयाशी मराठीत बोलू की हिंदीत—अख्ख्या काशीशी हिंदीत भांडतो हा माणूस, यज्ञेश्वरशास्त्री म्हटलं की नाववालेसुद्धा बाजूला होतात, आणि तुमच्यापुढे ह्यांची जीभ अडते.

तर खिडक्या. त्या मी मुद्दाम चुकवल्यात. लॉकडाऊन लागला ना, तेव्हा ह्यांचं अहिल्याबाई घाटावर जाणं बंद झालं. तीस वर्षं रोज तिथे स्नान, रोज तीच पायरी. मग इथे खिडकीशी बसायचे, माझ्याकडे पाठ करून. पाठ करून म्हणजे—आमचं बोलणं नव्हतं. चार वर्षं. ‘मीठ’ म्हणायचे, ‘पोस्टमन आलाय’ म्हणायचे, तेवढंच. का? ते जाऊ दे, चकली घ्या. तर पलंगाखाली देवश्रीच्या शाळेतले घोटीव कागद सापडले, मी नखं काढायची कात्री घेतली आणि अहिल्याबाई घाट कापला—पायऱ्या, बुरूज, पंड्याची छत्री—आणि ह्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवून दिला. ह्यांनी चष्मा लावला, बघितलं, म्हणाले, “छत्री उजवीकडे असते.” तीन शब्द, जावईबापू, आणि त्यात मीठ नव्हतं. त्या दिवशी माझी भाजी करपली.

मग काय, धडाकाच लावला मी. रोज एक जागा, रोज एक चूक. नावेला वल्हं एकच ठेव, कळस बुटका कर, ह्या हवेलीला दारांएवढ्या खिडक्या काढ. हे आधी चिडायचे, मग समजावायला बसायचे—कुठल्या पायरीवर कोण बसतो, कुठला नाववाला कुणाचा मुलगा. मला ठाऊक नव्हतं का? साठी उलटली माझी, जन्म इथल्याच गल्लीतला. पण मी आपली ‘हो का’ म्हणायचे, तोंड एवढंसं करून. तुमची बायको करते का असं? नसणार करत, ती बापावर गेलीय.

आणि मग जूनमध्ये एक दिवस मी आख्खी गंगा कापली. हा इकडचा काठ, सगळे घाट एकाला एक लागून, वर्तमानपत्राएवढं झालं ते. चूक एकही ठेवली नाही, म्हटलं, बघू आता काय बोलतात. ह्यांनी बोट फिरवत एकेक घाट तपासला. मग म्हणाले, “रामनगर कापलं नाहीस.” मी म्हटलं, अहो, आपल्या घाटावरून रामनगर दिसतं कुठे? तर म्हणाले, “मला दिसतं.”

चार वर्षं, आधी घाटावर आणि मग खिडकीशी, हा माणूस नदीपलीकडे तुमच्या गावाकडे तोंड करून बसत होता, आणि मला वाटायचं, जप चाललाय.

म्हणजे तुम्ही म्हणाल, चला, सासऱ्यांचा राग निवळला. राग कसला हो? लग्नाला ह्यांना ताप आलाय म्हणून निरोप पाठवला होता ना मी—ताप नव्हता. कोरं धोतर नेसून, हातात नारळ घेऊन जिन्यात उभे होते. मी चपलाच घातल्या नाहीत. म्हटलं, पूल ओलांडून परक्यांत जातेय पोरगी, बहिणींना काय तोंड दाखवू, मी नाही येत, तुम्ही एकटे जा. तर म्हणाले, लेकीच्या मांडवात आईशिवाय कसा उभा राहू? नारळ देवापुढे ठेवला आणि बोलणं बंद. त्यांना नको नव्हतात तुम्ही. मला—

हे मी सांगणार नव्हते तुम्हाला. लाडू राहिलाय तुमचा. तुमच्यात खोट होती असं नाही, पाहिलं तरी कुठे होतं मी तुम्हाला. आणि देवश्री इतकी वर्षं समजतेय, बाबांनी नको म्हटलं. मी समजू दिलं. जूनमध्ये फोन ह्यांनीच केला, तेव्हासुद्धा म्हणाले, “माझं चुकलं बाळ, ये.” मी शेजारी उभी होते. कात्री होती माझ्या हातात, आणि मी कागद कापत राहिले.

असं नका बघू. रागवायचं तर रागवा, हिंदीत रागवा.

आले वाटतं, जिन्यात तीच हसतेय. उठू नका तुम्ही. मधे बोलू नका, मलाच सांगू द्या. —आलात? देवश्री, ठेव ती पिशवी. हातपाय नंतर धू. अगं, बस आधी. अहो, तुम्ही नाही—आज तुम्ही काही बोलायचं नाही. देवश्री, तुझ्या लग्नाला बाबा निघाले होते.