बाबांच्या मेसेजमधली वेळ

परवा एका कमांडने मी बाबांना जवळजवळ पुसूनच टाकलं होतं, ऐका.

वर्षश्राद्धाला त्यांच्या मेसेजचं छोटं पुस्तक करायचं, हे मी अमेरिकेहून कायमची परत येतानाच ठरवलं होतं. नारायण पेठेतल्या छापखानेवाल्या काकांना फाइल स्वच्छ हवी होती. पण फोनमधून उतरवलेल्या चॅटमध्ये प्रत्येक ओळीआधी तारीख, वेळ आणि ‘बाबा:’. मी लॅपटॉपवरच्या टेक्स्ट एडिटरला सांगितलं, ओळीच्या सुरुवातीपासून ‘बाबा:’पर्यंत जे असेल ते उडव. एका फटक्यात हजारो ओळी साफ! उरलं ‘जेवलीस का?’, खाली पुन्हा ‘जेवलीस का?’

आई शेजारीच होती. “वेळ कुठे गेली गं?”

“तो कचरा होता, आई.”

“कचरा? परत आण बघू.”

मी अनडू केलं. तिकडे हे मेसेज माझ्या संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी यायचे; फोन आता इथल्या घड्याळावर चालतो, त्यामुळे प्रत्येक ‘जेवलीस का?’च्या आधी पहाटेचे साडेचार.

“बाबा लवकर उठायचेच ना?”

“कुठले! गजर लावायचे. तू ‘हो’ म्हणालीस की परत आडवे.”

“आणि मी उत्तर नाही दिलं तर?”

“मग मला उठवून चहा करायला लावायचे.”

पुस्तक वेळांसकट छापायला दिलंय. हल्ली पहाटे साडेचारला आमच्याकडे चहा होतो. उठवायला कुणी लागत नाही.