मामांची डावी बाजू

...सावलीला हात लावायचा नाही, एवढंच म्हटलं होतं मी! एवढंच! आता तुम्हीच सांगा, हे काय फार झालं? दोन वर्षं ग्लासगोच्या थंडीत बोटं गोठवून मी शिकले काय, तर एक दिवा, एक चेहरा आणि बाकी काळोख. परत येऊन खांदा कॉलनीत फोटो स्टुडिओ थाटला, तर लोक दारातूनच विचारायचे, "ताई, लाइट गेलीय का?"

पण दयाराममामा! सख्खे मामा माझे, बेलपाड्याचे. तीन तास स्टुलावर बसले. उजवीकडून एकच दिवा, डावी बाजू पार काळोखात. मध्येच म्हणतात, "बाय, या बाजूचा बल्ब उडालाय गो." म्हटलं, "मामा, उडाला नाही, लावलेलाच नाही. या काळोखात तुमचं अख्खं आयुष्य आहे. तुमची सगळी माणसं आहेत त्यात!" फोटो बघितला आणि तुम्हाला सांगते, मामांच्या डोळ्यांत पाणी. "मीच हाय गो हा..." मला वाटलं, जिंकलं! माझ्या माणसांना सावली कळते! फाइल दिली, बजावलं, सावलीला हात लावायचा नाही. मामांनी शपथ घेतली. माझ्या गळ्याची!

आणि सोमवारी नाक्यावर वीस फुटी फ्लेक्स. मामांचा वाढदिवस! उजवी बाजू जशीच्या तशी, सुरकुती न् सुरकुती... आणि डावीकडे? शुभेच्छुक! छत्तीस! गॉगलवाले, फोन कानाला लावलेले, कपाळावर शेजारचा रमेश, गालावर अख्खं क्रिकेट मंडळ, आणि डोळ्याच्या जागी कोण, तर फ्लेक्सवाला जगन स्वतः!

गेले तणतणत जगनच्या दुकानात. जगन म्हणतो, "मॅडम, एवढी जागा मोकळी सोडतं का कोणी?" त्याचं सोडा हो, तो परका. पण मामा? त्यांना गाठून विचारलं, सावलीला हात लावायचा नाही, एवढंच म्हटलं होतं ना मी?

"नायच लावला! काली ती कालीच हाय, बघ. तूच बोललीस ना, माजी सगली मानसा हायेत त्यात? मी जगनला बोललो, दाखव. आनि एकाला घेतला, दुसऱ्याला नाय, तर गावात रुसवेच काढत बसू का मी? तुला पन घेतलीय गो, हनुवटीवर!"

बघते तर काय, खरंच मी! कुणाच्या तरी हळदीतला फोटो, पावडरीसारखी गोरी केलेली, नाकाखालीसुद्धा सावली म्हणून नाही. खाली लिहिलंय, 'लाडकी भाची रोशनी'. आता यावर भांडायचं तरी कसं, सांगा!

काल कामोठ्याहून तिघं आले. "ताई, दयारामशेटसारखा फोटो पायजे. पण सावली जरा मोठी ठेवा, आमचे बेचाळीस आहेत." बेचाळीस! दार दाखवणार होते हो मी, देवाशपथ...

मुकाट्यानं दिवा सरकवला. एक कान तेवढा उजेडात राहिलाय.